कोट आणि कांदा

मे महिन्यात वर्ध्यात कोट घालून फिरणारे पुरुष चारच प्रकारचे. नवरदेव, बँडवाले, औषध कंपन्यांचे एमआर आणि मुलाखतीला निघालेली पोरं. नवरदेवाला निदान कूलरसमोरची खुर्ची मिळते. बँडवाल्याच्या डोक्यावरून कुणीतरी अधूनमधून दहाची नोट ओवाळतो. एमआर डॉक्टरच्या केबिनबाहेर दाराला लागून बसतो आणि पेशंट आत-बाहेर झाला की आतली गार हवा फुकटात घेतो. मुलाखतीचा पोरगा मात्र स्वतःच्या पैशानं तिकीट काढून, स्वतःच्या पायानं भट्टीत उतरतो. वर ‘कॉन्फिडंट दिसायला पाहिजे’ म्हणून हसतो.

पाचवे वकील असते. पण त्यांनी आपली सोय आधीच लावून घेतली आहे. सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असं बार काउन्सिलच्या नियमांतच लिहिलेलं आहे. बेरोजगारांचं काउन्सिल नसतं.

हे सगळं मला इतक्या तपशिलानं ठाऊक आहे, कारण आमच्या मोहल्ल्याचा मुलाखतीचा कोट माझ्या कपाटात राहतो. तो शिवला माझ्या रिसेप्शनसाठी, जानेवारीत. गडद निळा, आतून चकचकीत अस्तर. टेलरनं खांद्यात एवढं पॅडिंग भरलं की फोटोत माझा डावा खांदा बायकोच्या पदरावर चढून बसला आहे. त्यानंतर मी तो कुठं घालणार? वर्ध्यात कोट घालायचं दुसरं निमित्त मिळायला पुन्हा लग्न करावं लागतं. तर तो लटकून राहिला, आणि एके दिवशी पलीकडच्या घरची वहिनी दारात उभी.

“भाऊजी, तुमचा तो लग्नातला कोट हाय का घरी? याचा सोमवारी नागपूरले इंटरव्ह्यू हाय.”

“आहे ना वहिनी. न्या.”

तेव्हापासून हा कोट बँकेला बसला आहे, विम्याला बसला आहे, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लेक्चररशिपला बसला आहे, कंत्राटी पदांना तर कितीदा. त्याचा अनुभव आता कुठल्याही उमेदवारापेक्षा जास्त आहे. पॅनेलनं पोरांना प्रश्न विचारण्याऐवजी कोटालाच विचारले असते तर काही जागा लवकर भरल्या असत्या. साइज चाळीस. बारीक पोरं पाठीमागून सेफ्टी पिना लावून तो आवळतात आणि मग पॅनेलकडे पाठ करत नाहीत, उलट्या पावलांनी बाहेर येतात. पॅनेलला ती नम्रता वाटते. जाडी पोरं बटण उघडं ठेवतात आणि त्याला ‘ओपन लुक’ म्हणतात.

कोट देताना माझी अट एकच असते.

“वहिनी, खिशात कांदा ठेवू नका.”

“मंग लेकराले ऊन लागलं म्हंजे?”

या प्रश्नाला विदर्भात उत्तर नाही. उन्हाळ्यात घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, ही इथली विमा योजना आहे. हप्ता पाच रुपये. शास्त्र काय म्हणतं ते शास्त्राला विचारा. आईपुढे शास्त्र चालत नाही. त्यामुळे माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आजवर मिंटच्या गोळ्या, शेगावच्या गजानन महाराजांचा अंगारा, झेरॉक्सची पावती आणि कांद्याची सालं असा ऐवज सापडत आला आहे. ड्रायक्लीनवाल्यानं एकदा कोट नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “केटरिंगचं काम करता का?”

आता मूळ गोष्ट. मुलाखतीचे कपडे कसे असावेत यावर सल्ला देणारे भरपूर आहेत. बूट पट्ट्याच्या रंगाचे असावेत, टायचं टोक बकलाशी थांबावं, मोजे पँटच्या रंगाचे असावेत. सगळं बरोबर आहे. पण हे सल्ले मुलाखतीच्या खोलीपासून सुरू होतात. वर्ध्याच्या पोराची मुलाखत सुरू होते ती घराच्या फाटकापासून. हा पोषाख पॅनेलच्या हवामानासाठी शिवलेला आहे आणि उमेदवाराला तो स्वतःच्या हवामानातून वाहून न्यायचा असतो. मुलाखतीतली खरी परीक्षा ही वाहतुकीची आहे, बाकीचं तोंडी.

२५ मेच्या आसपास नवतपा लागतो. सूर्य रोहिणीत जातो आणि आमचं गाव तव्यावर. पारा ४५-४६ च्या खाली यायला राजी नसतो. डांबर बुटाला चिकटतं. शहाणी माणसं डोक्याला-तोंडाला दुपट्टा गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवतात, त्यामुळे मे महिन्यात वर्ध्यात बापाला मुलगा ओळखू येत नाही आणि उधारीवाल्याला कुणीच नाही. अशात आमचा उमेदवार सकाळच्या गाडीला उभा. दुपट्टा बांधावा तर केस बसतात, न बांधावा तर चेहरा भाजतो. गाडीत जागा असते, पण तो बसत नाही.

“बस ना भाऊ, जागा हाय.”

“नाही काका, प्रेस मोडते.”

सिंदीपर्यंत इस्त्री टिकते. बुटीबोरीला पाठीवर पहिला ओला डाग उमटतो. अजनी येईतो शर्टानं स्वतःचा नकाशा काढलेला असतो आणि त्यावर कोट चढवून तो झाकण्याशिवाय इलाज उरत नाही. म्हणजे घामासाठी कोट आणि कोटामुळे घाम. काही हुशार पोरं दुपट्टा बांधून, टी-शर्टवर येतात आणि पोषाख साडीच्या दुकानाच्या पिशवीत आणून स्टेशनवर बदलतात. त्यांचा पाय पँटमध्ये अर्धा शिरलेला असतानाच बाहेरून कुणीतरी कडी वाजवतो.

मग ती खोली. अठरा अंशांवर लावलेला एसी. पाठीवरचा घाम तिथं गार होऊन मणक्यातून खाली उतरतो, आणि नेमकं ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला पहिली शिंक येते. पॅनेलवाले सुटात आहेत म्हणून एसी अठरावर, आणि एसी अठरावर आहे म्हणून ते सुटात. जपाननं हा गुंता २००५ साली सोडवला. तिथल्या सरकारनं ‘कूल बिझ’ नावाची मोहीम काढली, उन्हाळ्यात ऑफिसचा एसी २८ वर ठेवा आणि कोट-टाय घरी ठेवा म्हणून सांगितलं, आणि पंतप्रधान कोइझुमी स्वतः बिनटायचे दिसू लागले. २८ अंश! आमच्याकडे ती डिसेंबरातली दुपार आहे. तेवढ्यात स्वेटर काढावा की घालावा यावर घरात दोन पक्ष पडतात.

असं काही मी बोलायला लागलो की आमच्या गल्लीतले आबाजी मध्ये पडतात. वर्ध्यात कपड्यांवर कुठलीही चर्चा काढा, पाचव्या मिनिटाला बापू येतातच.

“कायले पाहिजे कोट-टाय? बापू पंचा नेसून राजाच्या घरी चहा पिऊन आले!”

“आबाजी, बापू तिथं नोकरी मागाले नव्हते गेले,” पोरगा म्हणतो.

मुद्दा बिनतोड आहे. १९३१ साली बकिंगहॅम पॅलेसमध्ये गेलेला माणूस इंटरव्ह्यू द्यायला नव्हे, घ्यायला गेला होता. पण आबाजींना आणि पोराला, दोघांनाही त्याच्या आधीचे गांधी माहीत नसतात. ते अठरा वर्षांचे होते आणि विलायतेत चांगली छाप पडावी म्हणून त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे मुद्दाम राखून ठेवले होते. बोटीवर काळा सूट वापरला, आणि १८८८ च्या सप्टेंबरअखेर विलायतेत उतरताना पांढरे शुभ्र होऊन उतरले. धक्क्यावर पाहतात तो सगळे गडद कपड्यांत, पांढऱ्यात हे एकटेच. बदलावं म्हटलं तर पेट्या एजंटाच्या ताब्यात गेलेल्या, दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. पुढं डॉक्टर प्राणजीवन मेहता हॉटेलात भेटायला आले, तर यांनी त्यांची टॉप हॅट उचलून तिच्यावरून हात फिरवला, तोही उलटा. लव विस्कटली. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलं आहे. नंतर बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा संध्याकाळचा सूट, एकोणीस शिलिंगांची हॅट, भावाकडून सोन्याची दुपदरी साखळी मागवली, आणि रोज दहा मिनिटं आरशासमोर उभं राहून भांग आणि टाय. टायची गाठ ते स्वतः बांधायला शिकले.

हे शेवटचं वाक्य मी आबाजींना मुद्दाम दोनदा ऐकवतो. बापूंना टाय बांधता येत होती. आमच्या गल्लीत कुणाला येत नाही.

त्यांनी पुढं वकिली केली तेव्हाही डोक्यावरच्या पगडीनं त्यांना दोन परीक्षा द्यायला लावल्या. डर्बनच्या मॅजिस्ट्रेटनं १८९३ मध्ये पगडी काढा म्हटल्यावर ते कोर्टातून उठून चालते झाले. पुढच्या वर्षी नाताळच्या सुप्रीम कोर्टात सनद घेताना सरन्यायाधीशांनी तेच सांगितलं, तेव्हा मात्र काढून ठेवली. भांडण कुठं करायचं आणि कुठं सनद खिशात घालायची, याचा हिशेब त्यांना पक्का जमत होता. पंचा आला २२ सप्टेंबर १९२१ ला, मदुराईत. म्हणजे टॉप हॅटपासून पंच्यापर्यंत पोचायला गांधींनासुद्धा तेहतीस वर्षं लागली, आणि आबाजी पोराला पहिल्याच मुलाखतीला थेट तिथून सुरुवात करायला सांगतात.

टायची गोष्ट अर्धी राहिली. आमच्याकडे टाय बांधता येणारा माणूस एकच, वरच्या आळीतला एमआर. तो पोराच्या गळ्यात ती एकदा बांधून देतो. त्यानंतर ती सुटत नाही. मुलाखत झाली की गाठ सैल करून टाय डोक्यावरून काढायची आणि गाठीसकट खिळ्याला टांगायची. पुढचा पोरगा तीच गळ्यात घालून आवळतो. माझ्या कोटाबरोबर फिरणाऱ्या मरून टायची गाठ कधी बांधली ते आता कुणाला आठवत नाही. ज्या एमआरनं बांधली त्याची औरंगाबादला बदली होऊन तो तिकडे एरिया मॅनेजर झाला, गाठ इथंच आहे. एका पोरानं व्हिडिओ पाहून नवीन बांधण्याच्या नादात ती सोडायला घेतली होती. त्याच्या आईनं हातावर फटका मारला.

या टायखाली जो शर्ट असतो, त्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं. कापसाचा जिल्हा आहे हा. इंग्रजांनी १८६२ मध्ये नागपुरातून वेगळा काढला तेव्हा हिंगणघाटचा कापूस विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानिशी ओळखला जायचा. आजही बाप पऱ्हाटी वेचून गाडी हिंगणघाटच्या यार्डात रात्रभर उभी करतो आणि त्या पैशातून पोरगा मेन रोडवर जाऊन मुलाखतीचा शर्ट घेतो. पॉलिस्टरचा. दुकानदार मुठीत चुरगाळून दाखवतो, “पाहा, वळी पडत नाही.” पडत नाही हे खरं. हवाही आत जात नाही. घरात पऱ्हाटी, अंगात पॉलिस्टर, आणि बगलेत हिंदी महासागर.

रंग पांढरा आणि पँट काळी, हा आमच्याकडचा कायदा. बाबांच्या पिढीत सफारी होती. सफारी शिवली म्हणजे माणूस सरकारी झाला, ऑर्डर मागाहून यायची. आता पांढरं-काळं. नागपूरच्या एका हॉटेलात एका कंपनीच्या वॉक-इन मुलाखती होत्या. तिथल्या वेटरांचा गणवेशही तोच. आमच्या मागच्या गल्लीतला पोरगा कॉरिडॉरमध्ये उभा असताना आतून एका साहेबानं डोकं काढून “तीन चहा” म्हटलं. पोरगा संस्कारी. खाली गेला, तीन चहा घेऊन वर आला, ट्रे ठेवला. पुढच्या क्रमांकाला त्याचंच नाव पुकारलं. साहेबानं फाइल पाहिली, चेहरा पाहिला, कप पाहिला. पोराची निवड झाली. त्याचं म्हणणं, मेरिटवर. त्याच्या आईचं म्हणणं, चहावर.

माझा कोट पूर्ण विश्रांती घेतो तो सेवाग्रामच्या मेडिकलचा कॉल असला की. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी काढली. तिथं विद्यार्थ्यांनी आणि स्टाफनं खादी घालायची ही रीत पहिल्यापासूनची. तिथं मुलाखतीला जाताना लोकांचे हाल उलट्या दिशेनं होतात. जन्मभर जीन्स घातलेला पोरगा आदल्या संध्याकाळी खादी भांडारात शिरतो. खादीवर सूट मिळते, पण खादीचा सूट मिळत नाही, म्हणून कुर्ता-पायजमा किंवा शर्ट घेतो. घरी आई कांजी करून देते. खादी इस्त्रीचं सगळं शांतपणे ऐकून घेते आणि खुर्चीत बसल्याबरोबर स्वतःचं मत मांडते. शिवाय नवी खादी लपत नाही. दुकानातल्या घडीची रेघ छातीवरून उभी गेलेली असते आणि पॅनेलवरच्या जुन्या, धुवून धुवून मऊ पडलेल्या खाद्या तिच्याकडे आजीच्या नजरेनं पाहतात. तरी एक सांगतो, परत आलेला पोरगा कोरडा असतो. घाम येतो आणि वाळून जातो. या जिल्ह्याच्या उन्हाळ्यात मुलाखतीला घालण्याजोगा शहाणा कपडा हाच, आणि मुलाखत घेणाऱ्या फार थोड्या ठिकाणी तो चालतो.

पावसाळ्याचं एका वाक्यात सांगतो: काळी माती. घरून पॉलिश करून निघालेले बूट रोडवर येईपर्यंत किलो-किलोचे होतात आणि ‘वेल ग्रूम्ड’ उमेदवार नाल्याच्या कडेला काडीनं बूट खरवडत बसलेला दिसतो.

मुलाखतीचा सर्वात योग्य पोषाख मात्र सेवाग्रामलाच सापडला, तोही एका अमेरिकन माणसाला. १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा पत्रकार गांधींच्या मुलाखती घ्यायला आश्रमात येऊन आठवडाभर राहिला. उन्हानं तो वेडा व्हायची पाळी आली. शेवटी त्यानं पत्र्याच्या टबात पाणी भरलं, आत एक लाकडी खोका ठेवला, त्यावर टॉवेलची घडी. टबाबाहेर दुसरा मोठा खोका, त्यावर टाइपरायटर. आणि स्वतः टबातल्या खोक्यावर बसून गांधींच्या मुलाखती टाइप केल्या. घाम आला की भांडं बुडवून मानेवर, पाठीवर पाणी ओतून घ्यायचा. त्यानं हे पुस्तकात लिहून ठेवलं आहे.

ही हकिगत मी पलीकडच्या वहिनींच्या धाकट्याला सांगितली, तेव्हा मला वाटलं नव्हतं तो ती इतकी मनावर घेईल. त्याची मुलाखत ऑनलाइन होती, कंपनी बंगळूरची, महिना मेचाच. अडचण कूलरची. आमचे लोखंडी कूलर सुरू असले की घरातलं भांडणसुद्धा खुणांनी करावं लागतं. पॅनेलला काय ऐकू जाणार? कूलर बंद ठेवणं भाग. मग त्यानं माझा कोट नेला, खिळ्यावरची टाय नेली, आणि थोड्या वेळानं परत येऊन आमच्या मुलीला लहानपणी आंघोळ घालायचो तो निळा प्लास्टिकचा टब नेला. कमरेच्या वर कंपनी, कमरेच्या खाली हाफ पँट आणि पाय पोटऱ्यांपर्यंत पाण्यात. वहिनींनी टबात वाळ्याची जुडी टाकली. कांदा कोटाच्या खिशात होताच.

बोलण्याच्या भरात त्यानं पाय हलवला. पलीकडून एक मॅडम म्हणाल्या, “इज देअर अ रिव्हर निअर युअर हाउस?”

“येस मॅम. धाम रिव्हर. विनोबाजींचा आश्रम इज ऑन द बँक.”

दोन्ही गोष्टी खऱ्या. पवनार आमच्यापासून आठ-दहा किलोमीटर असेल, आणि मे महिन्यात धामेच्या पात्रात खळखळ ऐकू यावी इतकं पाणी असतं यावर बंगळूरच्या माणसाचाच विश्वास बसू शकतो. मॅडमना आवाज फार ‘सूदिंग’ वाटला. त्यांनी प्रश्न थांबवून थोडा वेळ नदी ऐकली.

पंधरा दिवसांनी ऑफर लेटर आलं. सोबतच्या कागदात ड्रेस कोड होता: टी-शर्ट चालेल. पण बंगळूरला गारवा असतो असं वहिनींनी कुणाकडून तरी ऐकलं आणि पोराच्या बॅगेत सगळ्यात वर, घडी करून, माझा कोट भरला. मला विचारलं, पण गाडी सुटल्यावर.

गेल्या आठवड्यात वरच्या आळीतला नवीन इंजिनिअर दारात आला.

“काका, कोट हाय का?”

“कोट बंगळूरले जॉइन झाला बाबू.”

तो जरा वेळ विचार करत उभा राहिला.

“मंग टब देता?”